जिंतूर ते ओंकारेश्वर : नर्मदा न ओलांडता परिक्रमेच्या वाटेवर

नर्मदा परिक्रमेबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते बहुतेक सारे संकल्प सोडल्यानंतरचे असते. घरातून निघून संकल्पाच्या घाटापर्यंत कसे पोहोचायचे, हे मात्र दोन ओळींत आटोपले जाते. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही, ज्यांना यात्रा कंपनीबरोबर जायचे नाही आणि ज्यांना रजा मोजून मिळते, त्यांची खरी धास्ती या दोन ओळींतच असते. निदान माझी होती. म्हणून मी हे फक्त जाण्यायेण्याविषयी लिहीत आहे.

मी परभणी जिल्ह्यातील जिंतूरची. एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. माझ्यासोबत माझी धाकटी मावशी होती. तिचे वय ६६ वर्षे, माहेर हिंगोलीचे. अखंड परिक्रमेला दोन्ही काठ मिळून अडीच हजार किलोमीटरहून अधिक चालावे लागते आणि त्यासाठी लागणारे चार-सहा महिने मला मिळणे शक्य नव्हते. म्हणून आम्ही खंड परिक्रमा ठरवली. एका वर्षी काही अंतर चालायचे, जिथे थांबलो ती जागा लक्षात ठेवायची आणि पुढच्या वेळी नेमके तिथूनच पुन्हा चालू लागायचे. अशा परिक्रमेत वाहनाचा प्रवास एकदाच होत नाही, दरवर्षी दोनदा होतो. त्यामुळे तो नीट समजून घेणे मला आवश्यक वाटले.

मावशीच्या मनात या प्रवासाचे एक जुने चित्र होते. तिच्या लहानपणी हिंगोलीहून ‘छोटी गाडी’ जात असे. पूर्णा, हिंगोली, वाशिम, अकोला, खंडवा आणि पुढे इंदूरकडे जाणारा तो मीटरगेजचा मार्ग होता आणि त्यावर नर्मदाकाठच्या मोरटक्क्याजवळ ‘ओंकारेश्वर रोड’ नावाचे स्थानकही होते. तिचे वडील तिला एकदा त्या गाडीने घेऊन गेले होते. वाटेत गाडी बदलावी लागली नव्हती, एवढे तिला पक्के आठवते. पुढे पूर्णा–अकोला मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला, परंतु अकोला–खंडवा ही मेळघाटातून जाणारी लाईन रुंदीकरणासाठी जानेवारी २०१७ पासून बंद झाली. व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून नवा मार्ग नेऊ नये म्हणून तो बाहेरून वळवण्याचे ठरले आणि ते काम अजून पुरे व्हायचे आहे. ज्या दिवशी ते होईल त्या दिवशी हिंगोली-वाशिमच्या माणसाला नर्मदा पुन्हा जवळ येईल. तोपर्यंत आपल्याला भुसावळचा वळसा आहे.

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, भुसावळ करत खंडव्याला थांबते. मराठवाड्याच्या मोठ्या भागाला खंडव्यापर्यंत न बदलता नेणारी ही रोजची गाडी आहे. परिक्रमा चातुर्मास संपल्यावर सुरू करण्याची रीत असल्याने कार्तिकी एकादशीच्या आधी ओंकारेश्वरला पोहोचावे, असे आम्ही ठरवले आणि ३० ऑक्टोबर २०२५ ही तारीख धरली. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. पूर्वीची १२० दिवसांची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून कमी झाली आहे. मोजून पाहिले तर तो दिवस ३१ ऑगस्ट निघाला, म्हणजे घरी महालक्ष्म्या यायचा दिवस. पहाटे फराळाचे उरकून मी पहिल्या एसटीने परभणीला गेले, आरक्षण खिडकीसमोर सातव्या क्रमांकावर उभी राहिले आणि तिकीट घेऊन दुपारी महालक्ष्म्यांच्या पावलांचा रांगोळीचा रंग वाळायच्या आत घरी परतले.

तिकीट काढताना शिकलेल्या दोन गोष्टी सांगते. पहिली म्हणजे, गाडी जिथून सुटते तिथून, म्हणजे नांदेडपासून तिकीट काढून चढण्याचे स्थानक परभणी लिहिता येते. थोडे पैसे जास्त जातात, पण मधल्या स्थानकाच्या कोट्यापेक्षा जागा मिळण्याची शक्यता बरी असते. दुसरी म्हणजे, ४५ वर्षांवरील स्त्रिया आणि ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, पण एका तिकिटावर दोनपेक्षा जास्त प्रवासी असले तर तो लागू होत नाही. चार-पाच जणींचा गट असेल तर दोघी-दोघींची वेगळी तिकिटे काढणे शहाणपणाचे. ज्येष्ठांची भाडेसवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. मावशीला पूर्ण भाडे लागले. शयनयान वर्गाचे माणशी सुमारे ४०० रुपये पडले.

दुसऱ्याच दिवशी मी कार्यालयात अर्जित रजेचा अर्ज दिला. सरकारी नोकरीतल्यांनी हे लक्षात ठेवावे की परराज्यात जायचे असेल तर रजेबरोबर मुख्यालय सोडण्याची परवानगीही त्याच अर्जात मागावी लागते. ती नंतर मागायला गेले की फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर येते. माझा अर्ज नीट होता, पण सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला त्याने सगळ्यांचेच बेत वाहून नेले. अतिवृष्टीचे पंचनामे, याद्या, नुकसानभरपाईची प्रकरणे यांत आमचे कार्यालय रात्री नऊ-दहापर्यंत उघडे असे. खरडून गेलेल्या सोयाबीनचे फोटो घेऊन माणसे दारात उभी असताना आपल्या रजेचा विषय काढणे मलाच बरे वाटेना. १३ ऑक्टोबरला साहेबांनी बोलावून सांगितले की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याआधी कोणालाही सोडता येणार नाही. मी दुसऱ्या दिवशी तिकीट रद्द केले. शयनयान वर्गाचे पक्के तिकीट गाडीच्या ४८ तासांहून आधी रद्द केले तर तेव्हा माणशी १२० रुपये कापले जात; दोघींचे २४० रुपये गेले.

त्याच संध्याकाळी मोबाईलवरून १२ नोव्हेंबरचे तिकीट काढले. दिवाळीत आणि गुरुता गद्दीच्या, म्हणजे गुरु ग्रंथसाहिबला गुरुपद दिल्याच्या सोहळ्याच्या दिवसांत नांदेडला देशभरातून शीख भाविक येतात, त्यांची परतीची गर्दी नोव्हेंबरातही या गाडीला राहते. प्रतीक्षा यादीत ३१ आणि ३२ क्रमांक मिळाले. मावशीला मी फोनवर सांगितले की एकादशीचा मुहूर्त हुकला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “पंढरीची हुकली तर हुकू दे, आळंदीची हाय की.” कार्तिक वद्य एकादशी १५ नोव्हेंबरला येत होती. आमचा संकल्पाचा दिवस असा फोनवरच ठरला.

रजेचा आदेश ३ नोव्हेंबरला हातात पडला. तोवर मी कागद गोळा केले होते. दोघींच्या आधार कार्डाच्या चार-चार प्रती, प्रत्येकी सहा फोटो, मावशीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि घरच्या तिघांचे दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद, हे सारे एका प्लास्टिकच्या पिशवीत घातले. फोटो जास्तच घ्यावेत. पोथीच्या आकाराची एक वहीही घेतली, कारण वाटेतल्या आश्रमांचे शिक्के घेण्याची पद्धत आहे. पाठीवरचे ओझे माझे सहा किलो आणि मावशीचे साडेचार किलो होते. किराणा दुकानाच्या काट्यावर प्रत्यक्ष तोलून पाहिले तेव्हा पहिल्या भरणीत माझे नऊ किलो भरले होते आणि मावशीने तिथेच उभ्या उभ्या माझी दुसरी चादर, जादा ताट आणि लोणच्याची बरणी बाहेर काढली. “एवढं वझं घेऊन चालायलीस का बिऱ्हाड थाटायलीस?” या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. बसमधून उतरताना, पुलावर चढताना, रिक्षात कोंबून बसताना ते तीन किलो कमी असल्याचे मोल मला पदोपदी कळले.

११ नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंत आमची प्रतीक्षा यादी ४ आणि ५ वर येऊन अडकली होती. दुपारी दोनच्या आधी सुटणाऱ्या गाड्यांचा पक्क्या जागांचा तक्ता तेव्हा आदल्या रात्री नऊच्या सुमारास लागत असे. पूर्वी तो गाडीच्या जेमतेम चार तास आधी लागे आणि जिंतूरसारख्या रेल्वे नसलेल्या गावातल्या माणसाला तिकीट पक्के झाले की नाही हे कळण्याआधीच घर सोडावे लागे. तिकीट पक्के झाले नसते तर आम्ही जिंतूरहून हिंगोलीमार्गे एसटीने अकोला गाठणार होतो आणि तिथून गाड्या बदलत भुसावळ व खंडवा. असा दुसरा मार्ग कागदावर लिहून ठेवला की झोप लागते. सव्वानऊला संदेश आला. दोन्ही जागा पक्क्या होत्या, एक खालची आणि एक वरची.

१२ नोव्हेंबरला सकाळी सात वाजताच्या एसटीने निघालो. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि मावशी पासष्टच्या पुढची असल्याने तिचेही अर्धेच, त्यामुळे परभणीपर्यंत दोघींचे मिळून ऐंशीच्या घरात पैसे झाले. गाडी साडेदहाच्या सुमाराची होती, ती अकराला आली. ही गाडी नव्याने पकडणाऱ्यांनी सोबत एक डबा किंवा ताटली हाताशी ठेवावी. वाटेतल्या स्थानकांवर गुरुद्वाऱ्याच्या सेवेतून प्रवाशांना लंगर दिला जातो. छत्रपती संभाजीनगरला गाडी थांबताच पांढऱ्या फेट्याचे एक वयस्क सेवेकरी बादली घेऊन खिडकीशी आले आणि त्यांनी मावशीच्या डब्यात वाफाळलेली खिचडी घातली. पैसे देण्यासाठी तिने पदराची गाठ सोडायला घेतली, तेव्हा त्यांनी हात जोडले आणि ते पुढच्या खिडकीकडे गेले. मावशीने तो डबा आधी कपाळाला लावला, मग झाकण उघडले.

खंडव्याला गाडी रात्री आठच्या सुमारास पोहोचायला हवी होती, ती पावणेनऊला पोहोचली. हा मुक्काम आम्ही आधीपासून धरला होता आणि तुम्हीही धरावा. रात्री ओंकारेश्वरकडे जाणारी सार्वजनिक बस मिळत नाही, आणि खासगी गाडीवाले परक्या माणसाला जे भाडे सांगतात ते आमच्या दोघींच्या रेल्वे भाड्याच्या दुपटीहून जास्त होते. स्थानकाजवळच्या एका धर्मशाळेत ६०० रुपयांत खोली मिळाली. तिथे आधारची पहिली प्रत गेली. खंडव्यात धुनीवाले दादाजींचे समाधिस्थान आहे आणि परिक्रमेला जाणारे अनेक जण तिथे माथा टेकवून पुढे जातात. आम्हीही पहाटे जाऊन आलो. नोव्हेंबरात तिथे पहाटे चांगलाच गारठा असतो. कानटोपी पिशवीच्या तळाशी ठेवू नये.

आता त्या प्रवासातल्या सर्वांत गोंधळाच्या टप्प्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. आपण एसटीच्या सवयीची माणसे. ठरलेले स्थानक, फलाट, चौकशी खिडकी, वाहकाकडचे तिकीट हे सारे आपण गृहीत धरतो. मध्य प्रदेशातले राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ सालीच झाला आणि तिथली वाहतूक खासगी बसगाड्यांवर चालते. त्यामुळे बसस्थानकात शिरताच तीन-चार जण एकाच वेळी पिशवीला हात घालतात, आपली गाडी लगेच सुटत असल्याचे सांगतात आणि ती थेट जाते की नाही हे मात्र मोघम ठेवतात. महिलांची किंवा ज्येष्ठांची आपली सवलत तिथे अर्थातच नाही. आम्हाला एकाने “सीधी ओंकारेश्वर” म्हणून ज्या बसमध्ये बसवले, ती खरे तर इंदूरला जाणारी होती. हे कळले तेव्हा माणशी १२० रुपये देऊन झाले होते.

खंडव्याहून ओंकारेश्वर सुमारे ७० किलोमीटर आहे. रस्ता सनावदवरून मोरटक्क्याला जातो. मोरटक्का नर्मदेच्या दक्षिण काठावर आहे; तिथून सरळ गेले की पूल ओलांडून उत्तर काठावरचे बडवाह येते आणि पुढे इंदूर. ओंकारेश्वरला जायचे तर पूल न ओलांडता मोरटक्क्याहूनच वळावे लागते आणि तिथून १२ किलोमीटर राहतात. आमच्या बसच्या वाहकाने सनावद सोडल्यावर सांगितले की मोरटक्क्याला गाडी थांबवणे अडचणीचे आहे, आम्ही बडवाहला उतरावे, तिथून ओंकारेश्वरसाठी हवी तेवढी वाहने मिळतात. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नसावे. पण मावशी उठून उभी राहिली आणि दांडीला धरून दाराशी गेली. मला म्हणाली, “त्याला सांग, पुलाच्या अलीकडं उतरव म्हणावं. संकल्प झाला नसंना का, पण मैया वलांडून जायचं कामून? आपण तर हिकडच्याच काठाचे हावोत.”

तिचे ते वाक्य मी नंतर कितीदा तरी आठवले. परिक्रमेचा मुख्य नियम हा की नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही. हा नियम संकल्पानंतर लागू होतो हे खरे. तरीही नकाशा पाहिला तर लक्षात येते की आपला सगळा मराठवाडा नर्मदेच्या दक्षिणेला आहे, ओंकारेश्वरचा संकल्पाचा घाट दक्षिण काठावर आहे आणि पुढचे कित्येक दिवसांचे चालणेही पश्चिमेकडे, दक्षिण काठानेच आहे. म्हणजे आपण खंडव्यावरून गेलो तर घरापासून घाटापर्यंत आणि पहिला टप्पा संपवून पुन्हा घरापर्यंत नर्मदा एकदाही ओलांडावी लागत नाही. इंदूरपर्यंत सोयीची गाडी मिळते म्हणून तो मार्ग घेणाऱ्यांना मात्र मोरटक्क्याचा पूल ओलांडूनच यावे लागते. ज्याला या नियमाची आच आहे त्याने मार्ग निवडतानाच हे पाहावे, असे मला मनापासून वाटते.

चालकाने पुलाच्या अलीकडे गाडी थांबवली. रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम चालू असल्याने धूळ एवढी होती की समोरचा फाटा दिसत नव्हता. तिथे पाऊण तास थांबल्यावर एक वडाप रिक्षा मिळाली आणि माणशी ३० रुपयांत आम्ही ओंकारेश्वरच्या बसस्थानकावर उतरलो. त्या वेळी दुपारचे साडेबारा वाजले होते. जिंतूर सोडल्याला साडेएकोणतीस तास झाले होते आणि मी पहिल्यांदा खांदे सैल सोडले. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचे भक्तनिवास ओंकारेश्वरला आहे. तिथे आवारात शिरताच मराठी कानावर आले, खोली मिळाली, आणि जेवणात पिठले पाहून मावशीचा प्रवासाचा शीण निम्म्याने उतरला.

ओंकारेश्वरला पोहोचल्यावर कोणत्या क्रमाने काय करायचे, हे तुमचे चालणे सुरू होण्यावर थेट परिणाम करते. ओंकारेश्वराचे मंदिर नदीतल्या मांधाता बेटावर आहे आणि ममलेश्वर दक्षिण काठावर. संकल्प सोडल्यावर पुलावरून बेटावर जाता येत नाही, कारण तेही पात्र ओलांडणेच होय. म्हणून ओंकारेश्वराचे दर्शन, बेटाची प्रदक्षिणा, टेकडीवरचा आदि शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा हे सारे आधी करून घ्यावे. आम्ही १३ तारखेच्या दुपारी आणि संध्याकाळी ते उरकले. बेटावरून परत येताना पुलाच्या मध्यावर मावशी थांबली. खाली पाणी हिरवट आणि वेगाचे होते. वरच्या अंगाला धरण असल्याने पाणी सोडताना भोंगा वाजतो. घाटावर स्नानाला उतरणाऱ्याने त्याकडे कान ठेवावा आणि साखळीच्या पुढे जाऊ नये.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, हा दिवस कागदांचा होता. परिक्रमावासीयांना नगर परिषदेच्या कार्यालयातून प्रमाणपत्र मिळते. पुढच्या वाटेवर अनोळखी आश्रमात किंवा गावात ओळख सांगायची वेळ आली तर ते उपयोगी पडते. अर्ज, आधारची प्रत आणि फोटो एवढे लागले. शनिवार-रविवार मध्ये येऊ नयेत अशा हिशेबानेच आम्ही गुरुवारी पोहोचलो होतो आणि तुम्हीही आठवड्याच्या मधल्या वारी पोहोचण्याचा प्रयत्न करावा. सकाळी साडेदहाला आम्ही रांगेत लागलो, पुढे बारा-तेरा जण होते, त्यांत सहा जण महाराष्ट्रातले निघाले. अर्ज हिंदीत भरायचा होता. लातूरकडच्या एका आजोबांना चष्म्याशिवाय ओळी दिसत नव्हत्या, त्यांचा अर्ज मी भरून दिला. ‘परिक्रमा का प्रकार’ या रकान्याशी त्यांनी मला थांबवले आणि सावकाश सांगितले, “पायी लिवा. सबंद.” ते अखंड परिक्रमेला एकटे निघाले होते. एक वाजता दोघींची प्रमाणपत्रे हातात आली. बाहेरच्या दुकानातून त्यांच्या दोन-दोन प्रती काढल्या आणि मूळ कागद वहीच्या पुठ्ठ्यात शिवून टाकला. खिशात ठेवलेला कागद घामाने पाच दिवसांत विरघळतो, हे रांगेतच एकाने दाखवले होते.

१५ तारखेला, एकादशीला, गोमुख घाटावर स्नान करून संकल्प सोडला. गुरुजींची दक्षिणा दोघींची मिळून ५०१ रुपये आधीच ठरवून घेतली होती. आधी विचारण्यात संकोच वाटतो, पण ऐन पूजेत आकडा वाढत जाण्यापेक्षा ते बरे. एका मुलीचे कन्यापूजन केले आणि नर्मदेचे पाणी एका छोट्या बाटलीत भरून घेतले. ती बाटली परिक्रमा पूर्ण होईपर्यंत सांभाळायची असते. मावशीने त्यासाठी घरून काचेची, बुचाची, औषधाची जुनी बाटली आणली होती आणि तिला लाल दोऱ्याने विणलेली जाळी होती. साडेनऊ वाजता नदी उजव्या हाताला घेऊन आम्ही चालू लागलो.

चालण्याविषयी इथे जास्त लिहीत नाही. सात दिवसांत माझ्या हिशेबाने शंभरेक किलोमीटर झाले असावेत. रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांच्या समाधीपाशी दुपारची विश्रांती घेतली. २८ एप्रिल १७४० रोजी त्यांचा देह याच काठावर पडला. नावडातोडीहून पलीकडे महेश्वरचे घाट आणि अहिल्याबाईंचा वाडा दिसतो. वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर ज्यांनी पुन्हा उभे केले, त्यांच्या घाटाला आपण नियमामुळे लांबूनच नमस्कार करतो, याचे मावशीला फार वाटले.

कुठे थांबायचे हे मात्र मी घरीच ठरवले होते. खंड परिक्रमा करणाऱ्याने थांबण्याची जागा अशी निवडावी जिथे मोठा रस्ता नदीला भेटतो, कारण पुढच्या वर्षी त्याच जागी परत यायचे असते. आग्रा–मुंबई महामार्ग खलघाटला नर्मदा ओलांडतो. पुलाच्या दक्षिण टोकाजवळ आम्ही २१ नोव्हेंबरला संध्याकाळी पोहोचलो, एका आश्रमात राहिलो आणि २२ तारखेला सकाळी स्नान-पूजा करून, ज्या पायरीवरून निघालो तिचा फोटो काढून, रस्त्यावर आलो. इंदूरकडून सेंधव्याकडे जाणाऱ्या खासगी बसगाड्या पूल ओलांडून याच टोकाला येतात आणि हात केल्यावर थांबतात. बसस्थानक पलीकडच्या गावात आहे असे सांगून कोणी पुलावर पाठवू लागले तर जाऊ नये, इथेच थांबावे.

पहिल्या दोन बस भरलेल्या होत्या, तिसरी थांबली. सेंधव्यापर्यंत माणशी १०० रुपये, तिथून दुसऱ्या बसने बिजासनचा घाट उतरून शिरपूरपर्यंत ८०. शिरपूरच्या स्थानकात लाल एसटी फलाटावर उभी दिसली, वाहकाने “अर्धं ना?” असे विचारले आणि मला घरी आल्यासारखे वाटले. धुळ्याला दुपारी अडीच वाजले. पुढची चाळीसगाव-कन्नडमार्गे छत्रपती संभाजीनगरची बस तीन वाजता निघाली आणि रात्री साडेसातला पोहोचली. एका दिवसात जिंतूर गाठण्याचा अट्टाहास आम्ही केला नाही. सात दिवस चाललेल्या पायांना बसच्या आसनात सूज येते. मावशीची पावले सँडलमध्ये मावेनाशी झाली होती. रात्री मुक्काम केला आणि २३ तारखेला सकाळच्या रेल्वेने परभणी व तिथून एसटीने दुपारी दोनला घरी आलो. जाण्यायेण्याचा दोघींचा प्रवासखर्च, रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे धरून, अडीच हजारांच्या आत झाला, मुक्कामाचे वेगळे.

या सबंध परतीच्या प्रवासात मावशीने ती बाटली पिशवीत ठेवली नाही. सेंधव्याच्या बसमध्ये उभे राहावे लागले तेव्हा एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने पदराखालची बाटली, अशी ती सव्वा तास उभी होती. मी दोनदा हात पुढे केला, तिने दोनदा मान हलवली. आता ती आमच्या देवघरात, महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांच्या पेटीशेजारी आहे. पाणी अर्ध्या बोटाने कमी झाले असे मावशी म्हणते. बूच मेणाने बंद करायचे राहून गेले होते, ते तुम्ही करा.

पुढचा टप्पा खलघाटच्या त्याच पायरीवरून बडवानीपर्यंतचा आहे. त्यासाठी उलट्या क्रमाने धुळे, शिरपूर, सेंधवा करत जायचे, म्हणजे रेल्वेच्या साठ दिवसांची मोजणी या वेळी लागणार नाही. रजेचा अर्ज मात्र मी या वेळी मुख्यालय सोडण्याच्या परवानगीसह आत्ताच लिहून ठेवला आहे. तारखेची जागा तेवढी कोरी आहे.